भय खंय रवता?

कुठल्याही खोलीत शिरला की तो आधी दारातच उकिडवा बसायचा. बघणाऱ्याला वाटायचं, याचं काहीतरी पडलं. मान जराशी तिरकी करून तो सगळी खोली न्याहाळायचा आणि शेजारी जो कुणी असेल त्याला हळू आवाजात विचारायचा, "भय खंय रवता हयसर?" म्हणजे, इथे भीती कुठे राहते?

हे त्याने बँकेत केलेलं मी पाहिलं आहे. लग्नाच्या हॉलमध्ये, हातात अक्षता असताना केलेलंही पाहिलं आहे.

शिंप्याचं लक्ष आधी आपल्या खांद्यांकडे जातं, दातांच्या डॉक्टरचं आपल्या हसण्याकडे. हे तुम्हीही अनुभवलं असेल. त्याचं लक्ष जागेतल्या भीतीकडे जायचं, कारण भीतीच्या जागा बांधणं हाच त्याचा धंदा होता. कुडाळात एका भांड्यांच्या दुकानाच्या वर आमचा छोटा स्टुडिओ आहे. व्हिडिओ गेममधली माणसं, राक्षस, हत्यारं दुसरीकडे कुणी कुणी बनवतात. आम्ही बनवतो त्यातल्या जागा. घरं, जिने, जंगलं, बंद पडलेले कारखाने. बंगळुरात बरीच वर्षं हे काम करून तो आईसाठी वेंगुर्ल्याला परत आला आणि हा स्टुडिओ त्याने काढला.

मी मालवणजवळच्या कट्टा गावची. कमर्शियल आर्ट शिकून घरी बसले होते. कामावरच्या पहिल्या दिवशी मी त्याला "सर" म्हणाले, तर तो इकडेतिकडे बघायला लागला, जणू मागून कुणी सर येत आहेत.

"माका दादा म्हण," तो म्हणाला. "नायतर काय एक म्हणू नको."

हा दादा हॉरर गेममधला जाणकार, आणि तितकाच भित्रा. हॉरर गेम आम्ही फक्त दुपारी खेळायचो, पडदे सारून, सगळ्यांनी एकत्र. तो दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसायचा. पडद्यावर नुसतं एखादं दार करकरलं तरी ओरडायचा, "मेलंय गो, मेलंय!" एकदा ऐन मोक्याच्या क्षणी खालच्या दुकानात कुणाच्या तरी हातून घमेलं निसटलं. दादा त्या आवाजासरशी खुर्चीवर उभाच राहिला. हातातला माऊस त्याने ढालीसारखा पुढे धरला होता. आम्ही हसून हसून लोळलो. तो खाली उतरला आणि गंभीरपणे म्हणाला, "हसा. मी भितंय म्हणान माका ह्या बनवूक येता."

आमच्याकडे पहिलं मोठं काम आलं ते एका हॉरर गेमचं होतं. बाहेरच्या कंपनीला काही जागा हव्या होत्या. आम्ही अगदी उत्साहाने एक हवेली केली. धुकं, कोळ्याची जाळी, भिंतीवर पूर्वजांच्या तसबिरी, खिडकीत वीज. कंपनीतल्या बाईंनी व्हिडिओ कॉलवर ते बघितलं आणि नम्रपणे म्हणाल्या, "छान आहे. पण हे आम्ही फार वेळा पाहिलंय." आणखी एकदा नमुना पाठवायची संधी त्यांनी दिली. तोही आवडला नसता तर काम दुसरीकडे गेलं असतं, आणि मग आमचा स्टुडिओ किती तग धरणार होता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून दादाने आमची शाळाच सुरू केली. एका दुपारी एका जातीचा हॉरर. त्यातली भीती कशाची, हे ओळखायचं आणि त्या भीतीला कसली जागा लागते ते शोधायचं.

"ह्यो सर्व्हायव्हल," तो एक गेम लावून म्हणायचा. "हातात गोळी एक, बॅटरी संपत इली, आणि जिनो अरुंद. हयसर भय मरणाचा. म्हणान जागा नेहमी अंगावर येवक होई." मग दुसरा गेम. त्यात गाव हसरं, ऊन लख्ख, सगळे पाहुणचार करताहेत. "हो फोक हॉरर. सगळे एक आसत आणि तू एकटो. हेका काळोख नकोच." एका गेममध्ये समुद्राच्या तळाशी काहीतरी होतं, इतकं प्रचंड की ते पूर्ण कधी दिसतच नाही. तिथे त्याने गेम थांबवला. "हयसर तुका कोण मारीत नाय. तुझ्याकडे बघीतसुदीक नाय. ताच भय."

मला सगळ्यात छळलं ते सायकोलॉजिकल हॉररने. त्या गेममध्ये एक साधं घर होतं. आपण बोळातून पुढे जायचं आणि परत वळायचं, एवढंच. पण वळल्यावर बोळ तोच नसायचा. दार सरकलेलं, आरशातलं माणूस किंचित उशिरा हलणारं. मी त्याला म्हटलं, "यात तर काहीच होत नाही, तरी मी मागे वळायला घाबरतेय."

"कारण घर तुझा ऱ्हवला नाय," तो म्हणाला.

शेवटी आमची जागा सापडली ती कुडाळच्या पलीकडच्या एका चिऱ्याच्या खाणीत. भर दुपारी तो आम्हाला तिथे घेऊन गेला. खाणीचं काम थांबलेलं होतं. जमिनीत खोल उतरलेला तांबडा चौकोन, उभ्या कापलेल्या भिंती, त्यांवर कटरच्या पात्याच्या एकसारख्या रेघा, आणि अर्ध्यावरच संपलेल्या पायऱ्या. वारा नव्हता. आमचं बोलणं भिंतींना आपटून आमच्याकडेच परत येत होतं. दादा तळाशी उकिडवा बसला, मान वर करून बघत राहिला.

"हयसर भूत कित्याक होया?" एवढंच म्हणाला.

आम्ही ती खाण बनवली. लख्ख ऊन, निळं आकाश, रिकामेपण. भूत एकही नाही. फक्त जितकं खाली जावं तितक्या भिंती उंच होत जातात, हे हळूहळू लक्षात यावं, अशी. कंपनीच्या बाईंनी ती बघितली आणि पुन्हा एकदा तळापर्यंत उतरून आल्या. मग म्हणाल्या, "ही जागा खरंच आहे?" काम आम्हाला मिळालं. त्या दिवशी दादाने सगळ्यांना खालच्या टपरीवर भजी खाऊ घातली आणि स्वतः एकही न खाता लगबगीने वेंगुर्ल्याची एसटी पकडली.

ती लगबग आम्हाला नवी नव्हती. आईला बरं नसतं, इतकंच आम्हाला माहीत होतं.

मग तो अधूनमधून येईनासा झाला. फोनवर कामाचं बोलायचा, पण मागे कुणीतरी ओरडत असायचं. एकदा एका कामावर त्याची शेवटची नजर हवी होती आणि फोन लागत नव्हता, म्हणून मी लॅपटॉप घेऊन दुपारी त्याच्या घरी गेले.

घर साधंच, अलीकडे दुरुस्त केलेलं. अंगणात टळटळीत उन्हात त्याची आई अनवाणी उभी होती. बारीक चणीची, नऊवारी नेसलेली, केसांत अबोलीची वेणी. तिने तुळशीचा कट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"मी भितर येवचंय नाय," ती सांगत होती. "भितर बायलमाणूस आसा. माझा लुगडा नेसान माझ्याकडे बघता."

"कोण नाय गे, आये," दादा काकुळतीला येऊन म्हणत होता. "माझो हात धर. आपला घर ह्या."

तिने त्याच्याकडे नीट निरखून बघितलं. "तू खंयचो?"

दादा पायरीवर बसला. त्याने बरेच दिवस दाढी केलेली नव्हती. शेजारच्या काकी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "देवाक गाऱ्हाणा घाल रे. भायरचा काय तरी आसतला." तो मला थकल्या आवाजात म्हणाला, "गाऱ्हाणाय घातलंय. डॉक्टरचा औषध चालू आसा. विसरण्याचो आजार. तो बरो होवचो नाय, डॉक्टर सांगता. पण ती अशी भिता ता माका बघवत नाय गो."

मी त्याच्या आईजवळ जाऊन उभी राहिले. तिला वाटलं, मी तिच्या बाजूची. तिने माझं मनगट पकडलं आणि उघड्या दारातून आत बोट दाखवलं. मी तिच्या बोटाच्या रोखाने बघितलं. समोरच्या खोलीत कपाट होतं, आणि कपाटाच्या दाराला पूर्ण उंचीचा आरसा. त्यात अंगणातल्या उन्हात उभी असलेली ती दिसत होती. पांढरे केस, घाबरलेले डोळे. ती स्वतःला तरुण समजत असेल, तर आरशातली ती म्हातारी तिच्यासाठी परकीच होती.

"दादा," मी म्हटलं, "आई म्हणतायत ते खरं आहे. आत एक बाई आहे."

तो उठून आमच्या शेजारी आला. आरसा दिसताच त्याचा चेहराच बदलला. मग तो आईच्या शेजारी, अंगणातच, उकिडवा बसला. मुलगा म्हणून नव्हे, गेम खेळणारा म्हणून त्याने आपल्या घराकडे बघायला सुरुवात केली, आणि एकेक गोष्ट त्याला दिसत गेली. दारातलं काळं पायपुसणं, जे नजर अधू झालेल्या माणसाला खड्डा वाटावं. नव्या गुळगुळीत फरश्या, ज्यांवरचं चकाकतं ऊन पाणी साचल्यासारखं दिसत होतं. खुंटीवरचा रेनकोट, लटकवलेल्या माणसासारखा. पंख्याची भिंतीवर फिरणारी सावली. कोपऱ्यात टीव्ही चालू होता आणि त्यातली माणसं भांडत होती.

"ह्या सगळा मी मुद्दाम करतंय," तो म्हणाला. "लोकांक भियाक म्हणान करतंय. आणि माझ्या घरात माका दिसला नाय."

त्याने आत जाऊन कपाटावर चादर टाकली, टीव्ही बंद केला, पायपुसणं गुंडाळून मागीलदारी फेकलं. आई लगेच आत आली, असं मी सांगणार नाही. ती तिन्हीसांजेपर्यंत अंगणात बसून होती. पण माझा हात तिने सोडला.

पुढचे काही महिने दादाने घरातून काम केलं आणि घरावर काम केलं. आम्ही सुटीच्या दिवशी मदतीला जायचो. सगळं साधलं असं नाही. त्याने आधी सगळ्या भिंती, दारं एकाच शांत रंगात रंगवली. आईला न्हाणीघर सापडेना आणि ती आणखीच बिथरली. मग एकेका दाराला वेगळा रंग दिला. दिवे तो अंधार पडायच्या बराच आधी लावून ठेवायला लागला, म्हणजे सावल्या हळूहळू घरात शिरणार नाहीत. भीती बरीच कमी झाली. पण ती दारात उभी राहून म्हणायचीच, "ह्या माझा घर न्हय. माका माझ्या घराक सोड."

एके दिवशी आम्ही मागीलदारी चहा पीत बसलो होतो. दादाने एकदम कप खाली ठेवला.

"आमचा चुकताहा," तो म्हणाला. "आम्ही ह्या सर्व्हायव्हल समाजलंव. अडचण काढली, उजेड केलो. पण आयेक कोण धरीत, मारीत, ह्याचा भय नाय. घर आपला ऱ्हवला नाय, ह्याचा भय आसा. तिका नुसता मोकळा घर नको. तिचा घर होया."

मग आम्ही उलटा शोध सुरू केला. घर परकं कशाने होतं हे आम्हाला पाठ होतं. ते आपलं कशाने होतं, ते शोधायचं होतं. त्याने मामाला फोन करून विचारलं, मावशीला विचारलं. आईच्या लहानपणीच्या घरात काय होतं? तांबडी कोब्याची जमीन. शिरताना डाव्या हाताला पाण्याचं तांब्याचं भांडं. बसायला भिंतीलगत लांब बाक. सोफा गेला, बाक आला. तांब्याचं भांडं स्टुडिओखालच्या दुकानदारानेच शोधून दिलं. त्या चकचकीत फरश्यांवर दादाने स्वतः गुडघ्यांवर बसून तांबडा रंग चढवला, चमक नसलेला, जुन्या कोब्यासारखा.

तो रंग वाळेपर्यंत आई शेजारच्या काकींकडे होती. सकाळी काकी तिला घेऊन आल्या तेव्हा आम्ही सगळे स्वयंपाकघराच्या दाराशी उभे होतो. ती उंबऱ्याशी थांबली. खाली बघितलं. एक पाय आत टाकला, तळवा जमिनीवर जरा घासला. दुसरा पाय टाकला. मग डावीकडे न बघताच हात लांबवून भांड्यातलं पाणी घेतलं, प्यायली, आणि बाकावर टेकली.

"पावलंय एकदाची घराक," ती म्हणाली.

दादा भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. आईने त्याला हाक मारली, "अण्णा, जेवलंस काय रे?" अण्णा हे तिच्या भावाचं नाव. दादा वळला आणि म्हणाला, "जेवतंय गे बाय, वाढ तू."

तो तिचा मुलगा पुन्हा कधी झाला नाही. अण्णाच राहिला. सुरुवातीला ते ऐकलं की त्याचा चेहरा उतरायचा, पुढे पुढे तो अण्णाच्या भूमिकेत चांगलाच रमला. ती त्याला बालपणीच्या खोड्या सांगायची आणि तो न केलेल्या खोड्यांबद्दल तिच्याकडून बोलणी खायचा. "जी ओळख दिल्यान ती घेतलंय," मला म्हणाला. आणखी दोन पावसाळे ती त्या घरात राहिली. फणसाचे गरे काढले, ओव्या म्हटल्या, काकींशी भांडली. गेली तीही बाकावर, सकाळच्या उन्हात, न भिता.

ती गेल्यावर दादा परत पूर्ण वेळ स्टुडिओत येईल, असं आम्ही धरून चाललो होतो. पण त्या घराची गोष्ट कानोकानी पसरली होती. माणसं विचारायला यायची. कुणाचा बाप रोज दुपारी घरातून पळून जात होता, कुणाची सासू न्हाणीघराला भीत होती. तो त्यांच्या घरी जायचा, दारात बसायचा, बघायचा. मग सावंतवाडीच्या अलीकडच्या एका वृद्धाश्रमाने, जिथे विसरण्याचा आजार झालेले बरेच होते, त्याला बोलावलं, नंतर गोव्यातून कुणी बोलावलं. एके दिवशी त्याने स्टुडिओच्या किल्ल्या माझ्यासमोर ठेवल्या. "भियाडव तू आता लोकांक," म्हणाला. "माका दुसरा काम लागला."

परवा सावंतवाडीला काम होतं, म्हणून त्याने मांडणी बदललेल्या त्या आश्रमात त्याला भेटायला गेले. तो नव्हता. कोल्हापूरकडे कुठेतरी मापं घ्यायला गेला होता. आलेच आहे तर बघू म्हणून मी आत शिरले आणि एका वळणावर गोंधळून उभी राहिले. तेवढ्यात समोरून एक आजोबा आले. स्वच्छ सदरा, बटणं वरखाली लागलेली.

"वाट चुकलंस, चेडवा?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"भिया नको. ये. माका म्हायत आसा." त्यांनी माझा हात धरला आणि कुठेही न थबकता, भिंतीला हात न लावता, मला अंगणात घेऊन आले. तिथे फणसाच्या सावलीत चौघीजणी अळूची पानं निवडत बसल्या होत्या. आजोबांनी मला त्यांच्यात बसवलं आणि दुसऱ्या कुणाला आणायला पुन्हा आत गेले.