काकीच्या पदराला लावलेला माइक

अन्याय झाला तो माझ्या शेजारच्या काकीवर आणि तिच्या लेकीवर. यंदाच्या होळीच्या आदल्या सोमवारी, भर दुपारी, तोरणमाळच्या खालच्या अंगाला असलेल्या आमच्या पाड्यात. तोही काकीच्या स्वतःच्या घरात.

शहाद्याकडचा एक तरुण मोहफुलांवर व्हिडिओ करायला आला होता. मोबाइलला चिकटवायचं भिंग, मोबाइल हलू न देणारी दांडी, आणि बोटाएवढा बिनतारी माइक, वर केसाळ टोपी घातलेला. तो माइक त्यानं काकीच्या पदराला अडकवला तेव्हा मी अंगणातच होतो.

"काय रे, उंदराचं पिल्लू लावलंस का मला? चावलं तर?" काकी म्हणाली. सगळे हसले. मी बैठकीला निघून गेलो.

पुढचं काकीनंच सांगितलं. मुलाखत संपली, ती चुलीवरचं बघायला आत गेली. माइक पदरालाच. हा बाहेर डोंगर टिपत राहिला आणि त्याचा मोबाइल घरातलं बोलणं टिपत राहिला. आत काकीची जाऊ होती. तिला काकीनं आमच्या पावरी भाषेत सांगितलं, नवऱ्याच्या माराला कंटाळून पळालेली लेक कुठल्या गावात, कोणत्या मामाकडे लपली आहे ते.

होळी झाली आणि तो व्हिडिओ माझ्या मोबाइलवर आला. मोहाची झाडं, उन्हातले डोंगर, आणि त्यावर काकीचा दबका आवाज. गावाचं नाव. मामाचं नाव. चुकीचं ऐकलं असेल म्हणून पुन्हा लावलं. नाही, तेच.

त्या तरुणाला फोन केला.

"माले काय मालूम, भाऊ? देवनं गानं म्हनी ऱ्हायनी व्हई, असं वाटनं. आयकाले गोड लागनं, म्हनीसन टाकं."

"अरे, ती पोरीचा पत्ता सांगत होती!"

तो हळूच म्हणाला, "पन व्हिडिओ तं मस्त चाली ऱ्हायना शे..."

ऐका, आमची भाषा म्हणजे तुमच्या व्हिडिओतल्या डोंगरांना लावायचं गाणं नव्हे. तिच्यात माणसं बोलतात. जिवावरचं बोलतात. कळत नसेल तर विचारा! विचारायला काय जातं?

संध्याकाळी त्यानं व्हिडिओ काढून टाकला. पण सासरच्यांना पावरी येते. तोवर ते मामाच्या दारात पोहोचले होते. पोरगी मागच्या बाजूनं, उसातून निसटली. आता कुठं आहे, ते मी लिहिणार नाही.

काकी एकच विचारते, "मी माझ्या घरात बोलले ना रे?"

लोकांनी आधीच उतरवून घेतलेला व्हिडिओ अजून फिरतोय. नव्या कुणाच्या हाती लागतो आणि मामाच्या दारात नवं माणूस उभं राहतं: पोरगी परत पाठव. हे थांबेपर्यंत तिला आईकडे येता येत नाही. तुमच्या मोबाइलमध्ये तो असेल तर आत्ता पुसा. ज्यानं पाठवला त्याला फोन लावा, आणि त्यालाही पुसायला लावा.