एव्हिसच्या फोटोत काय होतं

सेंट हेलेन्स गावातली निम्म्याहून अधिक लग्नं ग्लेनिस पर्टनच्या कॅमेऱ्यातून गेली होती. नवरीच्या गाउनची शिवणसुद्धा तिच्या फोटोत दिसायची. शेजारच्या एव्हिसला कॅमेरा धरायला तिनेच शिकवलं. आणि आता गावच्या हॉलमधल्या प्रदर्शनात पहिला नंबर एव्हिसचा!

फोटो तरी कसला? करड्या उजेडात एक पांढरट उंचवटा, तोही धूसर. खाली शीर्षकसुद्धा नाही. ग्लेनिसचा पेलिकन पक्ष्याचा फोटो, एकेक पीस कोरल्यासारखं, कोपऱ्यात पडून होता. होबार्ट शहरातून आलेल्या परीक्षक बाई "छान, स्पष्ट आहे हो" म्हणून पुढे सरकल्या होत्या.

एव्हिसच्या फोटोपुढे मात्र ही गर्दी.

"गुडघे टेकून बसलेली बाई आहे," पोस्टातली मर्ना म्हणाली.

"छे! कुत्रं झोपलंय. आमचं म्हातारं असंच झोपायचं," म्हणत खाटीक डेसने डोळे पुसले.

ग्लेनिसला ते बघवेना. तिने एव्हिसला बाजूला ओढलं. "खरं सांग, आहे काय ते?"

"तुला काय दिसतं?"

"डोंबल! म्हणून तर विचारतेय."

एव्हिस नुसती हसली. ते हसणं ग्लेनिसला रात्रभर टोचत राहिलं.

सकाळी भांडी विसळताना तिची नजर खिडकीबाहेर गेली. कुंपणापलीकडे एव्हिसच्या परसात होडी होती. वरची पांढरी ताडपत्री दवाने भिजून मधोमध खचली होती आणि एका टोकाला उंचवटा उरला होता, फोटोतलाच. रोज दिसायची ती. एव्हिसने तिचा फोटो काढला; आपल्याला का सुचलं नाही? हात न पुसताच ती हॉलवर गेली.

लोक चहा घेत उभे होते, एव्हिसही होती. ग्लेनिस ओरडली, "अरे, ऐका! बाई नाही नि कुत्रं नाही. केल्विनच्या होडीवरची ताडपत्री आहे ती!"

कुणीच हसलं नाही. केल्विन म्हणजे एव्हिसचा नवरा. गेल्या हिवाळ्यात तो वारल्यापासून होडी तशीच झाकलेली होती, हे गावाला ठाऊक होतं. "बिच्चारी!" म्हणत मर्नाने एव्हिसला मिठी मारली. डेस तर कुत्र्याचं बोललो म्हणून माफीच मागू लागला.

एव्हिस कशीबशी त्यातून सुटून ग्लेनिसपाशी आली. "कशाला गं? प्रत्येक जण आपापलं काही बघत होता. मीही त्यांच्यातलीच एक होते. आता सगळे मलाच बघणार."

तिने फोटो उतरवला आणि घरी नेला.

पुढे कितीतरी दिवस दोघींचं बोलणं बंद होतं. शेवटी ग्लेनिसच कुंपणापाशी गेली. "चुकले मी."

"हो, चुकलीस," एव्हिस म्हणाली. मग तिनेच विचारलं, "चहा घेणारेस का?"

पुढच्या प्रदर्शनात एव्हिसचा नवा फोटो लागला: काळोखात एक वाकलेली रेघ. ग्लेनिसला पुन्हा हेवा वाटला. हिलाच कसं सुचतं? तरी तिचा पाय तिथून हलेना. त्या रेघेत तिला मोरीपाशी वाकलेली आपली आई दिसत होती.

"काय आहे गं ते?" मर्नाने विचारलं.

"तू बघ ना तुझं तू," ग्लेनिस खेकसली आणि बघतच राहिली.