माळ्यावरची ठेव

मला नको तिथे नाक खुपसायची सवय आहे, हे आमच्या भोपाळच्या नेहरू नगरात सगळ्यांना ठाऊक आहे. टी. टी. नगरातल्या नरहर बुक डेपोत मी तीस वर्षं पुस्तकं घेतेय आणि तितकीच वर्षं मला प्रश्न पडलाय, त्या माळ्यावर आहे तरी काय?

दुकानाच्या मालकीण रत्नप्रभाकाकू. सत्तरीला टेकल्यात, पण जीभ अजून कडक. "वंदना, पुस्तक बघायचंय की माझा माळा?" असं गिऱ्हाइकासमोर म्हणायला कमी करत नाहीत. आम्हाला राग येतो, तरी आम्ही पुन्हा जातोच.

सरकारी कचेऱ्या नागपुराहून भोपाळला आल्या, तेव्हा त्यांच्या मागोमाग काकूंचे सासरे नरहरपंत आले आणि त्यांनी हे दुकान टाकलं. मराठी माणसं इथे बदलीवर यायची, बदलीवर जायची. जाताना पुस्तकं कुठे न्यायची? पंत म्हणायचे, "ठेवा माझ्याकडे." मग कापडात गाठोडं बांधायचं, चिठ्ठीवर नाव-गाव-तारीख घालायची आणि माळ्यावर टाकायचं. नियम एकच होता. मालकानं स्वतः मागितलं तर द्यायचं. आपण आठवण करून द्यायची नाही, गाठोडं सोडायचं नाही, विकायचं तर मुळीच नाही.

काकूंना त्या माळ्याचा भारी राग. लग्न होऊन आल्या तेव्हा माहेरून एक पेटी भरून पुस्तकं आणली होती. दोन खोल्यांचं घर, जागा नाही म्हणून पंतांनी दुसऱ्याच दिवशी पेटी दुकानात नेली. "विकली असणार, दुसरं काय? दुनियेची पुस्तकं सांभाळली, सुनेची तेवढी विकली," हे मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलंय. पंतांना मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. ते गेल्यावर दुकान सांभाळलं, पण माळ्यावर एकदासुद्धा चढल्या नाहीत.

आता जागेच्या मालकाला दुकानाचा मागचा भाग आणि माळा परत हवा होता. रविवारपर्यंतची मुदत. काकूंची झोप उडाली. "म्हाताऱ्याशी माझं पटलं नाही, पण लोकांची ठेव मी रद्दीत जाऊ देणार नाही. वंदना, तुला खोड आहे ना शोधायची? चढ वर."

अरे वा! तीस वर्षांनी बोलावणं आलं. मी शिंकत शिंकत एकतीस गाठोडी मोजली, चिठ्ठ्यांचे फोटो काढले आणि दोन दिवस घरी बसून, ओळखीपाळखीतून नंबर काढत फोन लावत सुटले. कुणी म्हणालं, "बाबांची? आमच्याकडे जागा कुठंय, देऊन टाका वाचनालयाला." साताऱ्याच्या एक बाई मात्र फोनवरच रडल्या, येत्या गाडीनं मुलाला पाठवते म्हणाल्या. तीस जणांचा काही ना काही निकाल लागला.

शनिवारी दुपारी यादी घेऊन दुकानात गेले. काकू कव्हरं घालत बसल्या होत्या.

"एकच चिठ्ठी राहिली बघा. अकोल्यात याच नावाच्या एक बाई सापडल्या, पण त्या कधी भोपाळला आल्याच नाहीत म्हणे. बघा तुम्हाला काही आठवतंय का. सुनंदा मोहरील, नागपूर. तारीख आहे बारा मे अठ्ठ्याहत्तर."

काकूंच्या हातातली कात्री खाली पडली.

"काय हो? ओळखता?"

"अगं, मीच ती," काकू म्हणाल्या. "मोहरील माझं माहेर. लग्नात तांदळात नाव लिहून सुनंदाची रत्नप्रभा केली. अकरा मेला."

मी शिडी लावली, गाठोडं खाली आणलं आणि टेबलावर ठेवलं. त्यांनी गाठीला हात लावला नाही.

"सासरा जाईपर्यंत मी त्या माणसाशी धड बोलले नाही गं," त्या म्हणाल्या. "आणि तो वाट बघत बसला, मी मागीन म्हणून. काय मेला हट्टी नियम! आणि मी काय कमी हट्टी?"

मग पदरानं डोळे पुसून त्या उठल्या, भिंतीवरच्या पंतांच्या फोटोपुढे उभ्या राहिल्या आणि दुकानात गिऱ्हाईक असताना मोठ्यानं म्हणाल्या,

"मामंजी, माझी पुस्तकं द्या."

आणि गाठ सोडायला बसल्या.