वेगावरची चिकटपट्टी

तापलेल्या रबराचा वास आला की उत्तरेतल्या मानक नगरच्या रेल्वे क्वार्टरमधली ती सकाळ आठवते. बायपासनंतर डॉक्टरांनी बजावलं होतं: ट्रेडमिलवर ठोके एकशेदहाच्या वर नकोत, आठवडाभर जमलं तरच वेग एक घर वाढवा. मी पडलो रेल्वे इंजिनांची चाचणी घेणारा. तिसऱ्याच दिवशी वेग वाढवून बसलो. मनगटावरचं घड्याळ ओरडलं तशी लेक धावत आली. "पापा, आप इंजन नहीं हैं!" म्हणत तिनं वेग कमी केला आणि त्या आकड्यावर चिकटपट्टी लावली. मी चिडलो, पण उतरलो नाही. ठोक्यांकडे बघत चालत राहिलो. आता मी धावतो. किती वेगानं, कुणास ठाऊक. ती चिकटपट्टी मी अजून काढलेली नाही.