बाकावरचा तास

खुर्ची या वस्तूचा माझ्या बायकोच्या मामांइतका मनापासून राग करणारा माणूस उभ्या कर्नाटकात सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो त्यांच्याच हाताखाली शिकलेला असणार. मामा मूळचे निपाणीकडचे. पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले, निम्मी नोकरी बेंगळुरूत काढली, आणि निवृत्त झाल्यावर हेब्बाळला आमच्याच इमारतीत, बरोब्बर आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहायला आले. त्यामुळे त्यांची पावलं आम्हाला दिवसभर ऐकू येतात. चहा ते चालत पितात, पेपर चालत वाचतात, आणि फोन आला की स्वयंपाकघर ते गॅलरी अशा इतक्या फेऱ्या घालतात की आमचा पंखा बटण न दाबताच फिरायला लागेल असं मला वाटतं. या शहरावर त्यांचं प्रेम आहे ते हवेमुळे नाही, तर इथल्या दर्शिनी हॉटेलांत डोसा उभ्यानं खाता येतो म्हणून.

या वैरामागे एक सिद्धांत आहे. "खुर्चीतनं नुसतं दार दिसतंय, जावईबापू," ते मला सांगतात. "दाराभायेरचं बाक दिसत नाही. आणि ठाणं म्हंजे बाक." ठाण्यात नवीन आलेल्या साहेबानं पहिला तास साध्या कपड्यांत, तक्रार घेऊन आलेली माणसं बसतात त्या बाकावर गप्प बसून काढावा आणि मगच आत जाऊन खुर्चीला हात लावावा, असा त्यांचा नियम. स्वतः त्यांनी तो प्रत्येक बदलीत पाळला. निवृत्तीनंतर ठाणं हाताशी राहिलं नाही, तेव्हा त्यांनी आम्हाला धरलं. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना त्यांनी एका दुपारी गोडीगुलाबीनं वॉचमनच्या खोपटात तासभर बसवलं. अध्यक्ष घामाघूम होऊन बाहेर आले आणि चार दिवसांत तिथं पंखा लागला. बँकेच्या मॅनेजरला टोकनवाल्या बाकावर बसवायचा प्रयत्न मात्र फसला, आणि आता आमच्या खात्याचं काम बायकोला एकटीनं जाऊन करावं लागतं.

मीही सुटलो नाही. वीस वर्षं सरकारी संशोधन संस्थेतल्या फिरत्या खुर्चीत बसून विमानाचे पंख तपासणारा माणूस मी. एका रविवारी त्यांनी मला माझ्याच दाराबाहेर, चपलांच्या कपाटाशेजारच्या स्टुलावर बसवलं. "घरी येणाऱ्याला काय दिसतंय ते बघा की स्वल्प." मला विजेचा मीटर दिसला, शेजारणीचं ओलं पोछ्याचं फडकं दिसलं, आणि अर्ध्या तासानं आतून बायकोचा आवाज आला, "कोण आहे हो बाहेर? नंतर या म्हणावं." मला खरोखर वाईट वाटलं. मामांनी समाधानानं मान हलवली आणि ते पुढच्या फेरीला निघून गेले.

मग त्यांना खात्याकडून बोलावणं आलं. नव्यानं बढती मिळून ठाण्याचे प्रमुख होणाऱ्या अधिकाऱ्यांना नेतृत्वाचे धडे द्यायचे, आठवड्यातून एक सकाळ, तीन महिने. शेवटी वरचे एक साहेब येऊन वर्ग बघणार आणि तो कायमच्या प्रशिक्षणात घ्यायचा की नाही ते ठरवणार. मामांना आयुष्यात याखेरीज काही नको होतं. त्या तीन महिन्यांत आमच्या छताला एक दिवसही विसावा मिळाला नाही. पाठ्यक्रम लिहून द्या असं सांगितलं होतं, पण लिहायला बसायला लागतं. शेवटी ते बोलत चालले, मी मागोमाग वही घेऊन चाललो, आणि पाठ्यक्रम तयार झाला.

साहेब यायचे त्या दिवशी नवी तुकडी होती. मामांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांना कारण न सांगता व्हरांड्यातल्या बाकांवर तासभर बसवलं आणि शिपायाला बजावलं, कोणीही येऊ दे, खांद्यावरचे तारे बघायचे नाहीत, बाकावर बसवायचं. शिपाई आज्ञाधारक निघाला. त्यानं साहेबांनाही बसवलं. मामांनी हे खिडकीतून पाहिलं, आणि ते वर्गाच्या आत येरझाऱ्या घालत राहिले. वीस मिनिटांनी साहेब उठून निघून गेले.

"अहो मामा, बाहेर यायचं की," घरी हे ऐकून बायको कळवळून म्हणाली.

"त्यांना तेवढं उठवलं असतं, तर बाकीच्यांना कशापायी बसवलं म्हणून सांगायचं?"

आठ दिवसांनी पत्र आलं. आभार मानले होते, आणि पुढच्या तुकड्यांसाठी व्याख्यानांची गरज नसल्याचं कळवलं होतं. मामांनी ते चालतच वाचलं. मग खिडकीपाशी थांबून, आमच्याकडे न बघता, जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. त्यांच्या पहिल्या ठाण्यात एक म्हातारी सकाळपासून बाकावर बसली होती. हे आत बैठकीत होते. दुपारी बाहेर आले तेव्हा बाक रिकामं होतं. "नाव नाही, गाव नाही, काय सांगायला आलती ते कुणालाच ठाऊक नाही. मी लई हुडकलं." त्यानंतर हा माणूस खुर्चीत बसू शकला नाही, आणि मी इतकी वर्षं त्यावर विनोद करत होतो. मला माझी लाज वाटली.

पुढे वर्षभरानं पासपोर्टच्या चौकशीसाठी मला एका ठाण्यात जावं लागलं. बाकावर माझ्या एका बाजूला प्लास्टिकची पिशवी घट्ट धरलेली एक म्हातारी होती, दुसऱ्या बाजूला साध्या सलवार-कमीजमधल्या, चाळिशीच्या एक बाई. यांची साखळी चोरीला गेली असावी असं मी मनाशी ठरवून टाकलं. थोड्या वेळानं त्या उठल्या, म्हातारीपुढे वाकल्या आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, "अम्मा, तुम्ही माझ्याही आधीपासून बसलाय. चला आत." त्या आत शिरताच दोन हवालदार ताडकन उभे राहिले. ठाण्याच्या नव्या इन्स्पेक्टर त्याच होत्या, आणि तो त्यांचा पहिला दिवस होता.

माझं काम झाल्यावर मी धीर करून विचारलं, तुम्ही बाहेर का बसला होतात?

"आमचे एक सर होते. त्यांनी तासभर बाकावर बसवून ठेवलं होतं. आमच्याबरोबर मोठ्या साहेबांनाही," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी फार राग आला होता. काय करतात हो ते आता?"

"चालतात," मी म्हणालो.

घरी न जाता मी सरळ वरच्या मजल्यावर गेलो. मामांनी चालता चालता माझी जबानी घेतली. किती वेळ बसलो होतो, आत आधी कोण गेलं, मी की म्हातारी.

"आणि काय सांगायला आलती ती?"

"ते नाही कळलं. इन्स्पेक्टरबाईंनी दार लावून घेतलं होतं."

"सरी, बेस झालं," मामा म्हणाले. "दार लावून ऐकलं न्हवं, सरी." आणि कोपऱ्यातली घडी घातलेले कपडे ठेवलेली खुर्ची रिकामी करून ते तिच्यात बसले. मी हळूच खाली आलो.

त्या दुपारी डोक्यावर अजिबात आवाज नव्हता. आम्ही दोघं जेवताना सारखे छताकडे बघत होतो. तीन वाजले, चार वाजले. "अहो, जरा वर जाऊन बघता का?" बायको म्हणाली. मी चपला पायात सरकवल्या, आणि तेवढ्यात वर पावलं वाजली, स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत, पहिल्यापेक्षा बरीच सावकाश. मी चपला काढून ठेवल्या.