दॉगिमचा मोडलेला हात

सोल्टी गावात दॉगिमचं नाव तिच्या उजव्या हातामुळे. थोरली सून म्हणून या घरात आली त्या वर्षापासून छुसॉकला, म्हणजे आमच्या कापणीच्या सणाला, पूर्वजांच्या पानावर ठेवायचे काप तिनेच तळायचे. भोपळ्याचे, माशाचे, अळंब्यांचे. पिठात घोळवायचे, अंड्यात बुडवायचे, तव्यावर सोडायचे. सकाळी जमिनीवर बसायची ती अंधार पडताना गुडघे धरून उठायची. घरातले पुरुष अंगणात चटईवर बसून हाक मारायचे, "गरम आहेत तोवर चार इकडे पाठवा." दॉगिम पाठवायची. त्यातला एक मुद्दाम मिठात लोळवायची आणि तो कुणाच्या तोंडी गेला हे दाराआडून बघत हसायची.

मी तिची शेजारीण. माझी उमर बायकांच्या संगीत नाटकमंडळीत गेली. पुरुषांची कामंही आम्हीच करायचो, आणि उंचीमुळे माझ्या वाट्याला सेनापती यायचे. मंडळी बंद पडली, मी गावी परतले. सणाला माझं कुणी येत नाही हे दॉगिमच्या लक्षात आलं तेव्हा तिने मला घरी नेऊन सोंगप्यॉनसाठी, म्हणजे सणाच्या वाफवलेल्या करंज्यांसाठी, तांदळाच्या उकडीचा गोळाच हातात दिला. म्हणाली, "अक्का, सोंगप्यॉन नीट वळा. वाकडे वळले तर नवरा कुरूप मिळतो." मी तेव्हा साठी ओलांडली होती. तरी नीट वळले.

यंदा सणाआधी आम्ही दोघी तिच्या घराच्या सरकत्या दारांना नवा कागद लावत होतो. दॉगिम गप्प होती. ती गप्प असली की मला भीती वाटते.

"इन्सॉपचा फोन आला होता," शेवटी ती म्हणाली. इन्सॉप तिचा एकुलता एक मुलगा, हेरिम त्याची बायको. "हेरिम येत नाही म्हणतेय. मागच्या वर्षी लग्नानंतरचा पहिला सण. पोरीने दिवसभर तळलं आणि परतताना गाडीत रडली. ती नाही तर तोही नाही."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, घेऊन ये, तिला तव्याला हात लावू देणार नाही."

"तू एकटी तळणार?"

"मी बसले की ती येऊन बसणारच. स्वभावच तसा आहे तिचा. म्हणून मीही बसता कामा नये." तिने ब्रश खळीत बुडवला. "सासूबाई नव्वदीच्या. मग उरलं कोण?"

अंगणात तिचा नवरा सांगबे आणि धाकटा दीर सांगगिल गवत कापायच्या यंत्राशी भांडत होते.

"त्यांना विचारून तरी बघ."

"विचारलं. भावोजी हसले. ह्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला."

मग तिने उजवा हात माझ्यापुढे धरला. "अक्का, तुम्ही लढाईत जखमी व्हायचात ना? मला एक हात मोडून द्या."

असली फर्माईश कलावंताला फार वर्षांनी आली की तो नाही म्हणत नाही. माझ्या घरी नेऊन मी तिच्या हाताला कापूस गुंडाळला, त्यावर दाराच्या कागदाच्या पट्ट्या, वर खळ, पुन्हा पट्ट्या. उन्हात वाळला तेव्हा असा पांढराशुभ्र, टणक हात झाला की माझ्या सगळ्या सेनापतींना हेवा वाटावा. तालीमही घेतली. "कण्हायचं नाही. नवशिके कण्हतात. तू फक्त म्हणायचं, छे, काही दुखत नाही." मग गळ्यात झोळी अडकवून आम्ही बसने तालुक्याला गेलो, थंडगार शेवया खाल्ल्या आणि दवाखान्यातून आल्याचं सांगत घरी परतलो.

सांगबेचा चेहरा उतरला. सांगगिलने तिला पाट आणून दिला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. प्रयोग रंगला होता. फक्त सासूबाई खोलीत पाइनची सुयांसारखी पानं निवडत बसल्या होत्या, वाफवताना सोंगप्यॉनखाली पसरायला. त्यांनी मान वर केली.

"हाड मोडलंय?"

"हो, आई. पण काही दुखत नाही."

"मग यंदा पान मांडायचं नाही." सासूबाई पुन्हा सुया निवडू लागल्या. "घरात मोडलेलं माणूस असताना पूर्वजांना जेवायला बोलवत नाहीत. माझ्या सासूने कधी बोलावलं नाही. सांगबे, सगळ्यांना फोन लाव. इन्सॉपलाही. येऊ नका म्हणावं."

हा नियम आम्हा दोघींच्या डोक्यातून साफ गेला होता. दॉगिमचं तोंड पांढरं पडलं, आणि ते मी रंगवलेलं नव्हतं. सांगबेने फोन बाहेर काढला.

"अहो, आधी मळ्यातून मुळा आणा," दॉगिम म्हणाली.

"आत्ता? मुळा?"

"आत्ता."

मोडलेल्या हाताच्या बायकोशी कोण वाद घालणार? तो गेला. दॉगिम सासूबाईंपुढे गुडघ्यांवर बसली. "आई, मोडलेला नाही."

"ते मला माहीत आहे. मागच्या खोलीचं दार उघडंबोडकं आहे. पुरेल एवढा कागद मी आणवला होता, तो कुठे गेला? आणि दवाखान्यात खळीचा वास येतो हे मी पहिल्यांदा ऐकते."

"मग फोन लावायला का सांगितलात?"

"तू कबूल व्हायला किती वेळ लावतेस ते बघत होते."

दॉगिमने मग सगळं सांगितलं. हेरिमचं रडणं, इन्सॉपचा फोन, स्वतः दिलेला शब्द. सासूबाईंच्या बोटांत एक सुई बराच वेळ फिरत राहिली.

"मागच्या वर्षी ती पोर माझ्या पायांना मलम चोळत होती," त्या म्हणाल्या. "तळून आल्यावर." मग मुळा घेऊन अंगणात परतलेल्या मुलाकडे तोंड करून त्यांनी आवाज चढवला. "सांगबे, फोन ठेव. मोडलेला नाही, मुरगळलाय. मुरगळलेला चालतो. पण तळता यायचं नाही तिला. सांगगिल, तू पण ये. सणाच्या आदल्या दिवशी दोघांनी अंघोळ करून तव्यापाशी बसायचं." आणि माझ्याकडे वळून हळूच, "सेनापती, झोळीची गाठ सुटत आलीय."

आदल्या दिवशी विजेचा मोठा तवा ओसरीवर मांडला गेला. सांगगिल कोपरापर्यंत अंड्यात माखला होता.

"वहिनी, आधी पीठ की आधी अंडं?"

"इतकी वर्षं खाताय, जिभेला विचारा."

"हा काप आहे का चपलेचा तळ?" सासूबाई काठीने दाखवत होत्या. "तुझे आजोबा हा बघून आल्या पावली परत जातील."

भोपळा करपू लागला की दॉगिमची बोटं झोळीत वळवळायची. मी तिचा कोपर धरून बसले होते.

दुपारी सांगगिलने कंबर धरली. "वहिनी, दर वर्षी असंच असतं?"

"नाही, भावोजी. दर वर्षी मध्येमध्ये अंगणात गरम काप पण पोचवावे लागतात."

त्याने कंबर सोडली आणि पुढचा काप उलटला.

फाटक वाजलं. इन्सॉप आणि त्याच्यामागे हेरिम. पोरीने येतानाच पिशवीतून एप्रन काढून हातात घेतला होता. ओसरीवरचं दृश्य बघून ती पायरीवरच थबकली.

"इकडे ये, माझ्याजवळ," सासूबाईंनी चटईवर थाप मारली. "तिकडे बायकांनी जायचं नाही. त्यांचं लक्ष उडतं."

पण हेरिमची नजर झोळीवर गेली होती. धावत येऊन तिने दॉगिमचा हात दोन्ही हातांत धरला. "आई, हे कधी झालं? मला का नाही सांगितलंत?" तिचे डोळे भरून आले.

अख्ख्या घराला बिनदिक्कत फसवणारी दॉगिम या पोरीपुढे संवाद विसरली. मी समोरून खुणावत होते, छे, काही दुखत नाही म्हण. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. वाकून हेरिमच्या कानात काहीतरी सांगितलं. बरंच सांगितलं.

हेरिमने हाताकडे पाहिलं, मग तव्यापाशी घामाघूम झालेल्या सासऱ्यांकडे आणि काकांकडे. उठून तिने तो एप्रन इन्सॉपच्या गळ्यात घातला, मागून गाठ मारली आणि त्याला तव्याकडे ढकललं. मग येऊन आमच्या दोघींच्या मध्ये बसली.

"पुढच्या वर्षी तुम्ही हात मोडून घेऊ नका, आई," ती पुटपुटली. "पुढच्या वर्षी माझा पाय."

दॉगिमने पायाचं ऐकलंच नाही. "पुढच्या वर्षी म्हणाली," ती मला म्हणाली, आणि मुरगळलेल्या हाताने ताटातला गरम काप उचलून तिने पोरीच्या तोंडात घातला.

सांगगिल झारा हातात धरून त्या हाताकडे बघत राहिला, आणि तव्यावरचा मासा करपला.