प्रोटोटाइप जेट आणि हातावरचं दही

गेल्या शनिवारी दुपारी इंग्लंडमधल्या आमच्या रीडिंगच्या घरात बाबांनी लढाऊ जेट उडवलं... म्हणजे उडवणार होते, पण रनवेवरच अडून बसले!

माझ्या नवऱ्याने, समीरने, बॉक्स रूममध्ये, म्हणजे सामानाच्या छोट्याशा खोलीत, फ्लाइट सिम्युलेटर थाटलाय. पीसी, जॉयस्टिक आणि डायनिंगची एक खुर्ची, जी आता जेवायला कधीच मिळत नाही. सध्याचं वेड म्हणजे साठच्या दशकातलं एक ब्रिटिश जेट. प्रोटोटाइप बनला, थोडाफार उडाला आणि सरकारने प्रोजेक्टच गुंडाळला... आता ते असं घरोघरीच उडतं.

बाबा नाशिकहून आले होते. आई गेल्यावर मीच हट्टाने बोलावलं. पण इथेही नुसते खिडकीशी बसायचे, आईचं नावसुद्धा काढायचे नाहीत. आणि आठवड्याभरात परत त्या रिकाम्या घरात जाणार होते.

"बाबा, ट्राय तर करा. फुल थ्रॉटल द्या, बस्स!" समीरने त्यांना बसवलंच. इंजिन घरघरायला लागलं... आणि बाबा ढिम्म. मला वाटलं, घाबरले.

"असंच निघायचं? हातावर दही नाही, काही नाही... तुझी आई असं कधी जाऊ द्यायची नाही गं."

मी हसणार होते, तेवढ्यात लक्षात आलं. इकडे यायला निघाले तेव्हा त्यांच्या हातावर दही कोण घालणार होतं? कुलूप लावून तसेच निघाले असतील... आणि मी फोनवर फक्त पासपोर्ट घेतला का ते विचारत होते.

फ्रिजमधलं योगर्ट काढलं, साखर घातली आणि चमचाभर त्यांच्या तळहातावर ठेवलं. बाबांनी खाल्लं, रुमालाला हात पुसला आणि जेट उचललं. मग बोलायलाच लागले... बदलीच्या गावी निघताना आईने इतकं दही घातलं की बाहीत ओघळलं, आणि ते तसेच ऑफिसात हजर झाले!

बोलण्याच्या नादात जेट समुद्रात गेलं. समीर हळहळला. आम्ही बापलेक हसत होतो, डोळे पुसत होतो.

काल हीथ्रोला निघताना बाबांनी बूट घातले, बॅग उचलली... आणि उजवा हात माझ्यापुढे केला.

दही मी वाटीत काढूनच ठेवलं होतं.